३५ हजारांचं रिव्हॉल्व्हर घ्यावं का?

आपल्या ग्वाल्हेर-चंबळ पट्ट्यात बंदुकीचं कोणाला नवल वाटत नाही. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या खांद्याला दुनाळी लटकलेली असते आणि आपण तिच्याकडे छत्री असावी तसं पाहतो. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरीत नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना निघाली होती. २०१९ मध्ये ग्वाल्हेरच्या जिल्हा प्रशासनाने परवाना मागणाऱ्यांना आधी दहा झाडं लावा आणि त्यांच्याबरोबरचा फोटो जोडा, असं सांगितलं होतं. पुण्या-मुंबईचे पाहुणे हे ऐकून हसतात. इथल्या अधिकाऱ्यांना मात्र पक्कं ठाऊक असतं, की परवान्यासाठी माणूस काय वाटेल ते करतो.

आपली मराठी घरंही यातून सुटलेली नाहीत. खंडेनवमीला देवघरासमोर पाटावर तलवार, खंजीर आणि त्यांच्या शेजारी आजोबांची बारा बोअरची बंदूक मांडून हळदकुंकू वाहणारी घरं लष्करात अजूनही आहेत. आमचं त्यांतलंच एक. ती बंदूक वारसाहक्काने माझ्या नावावर आली, कॉलेजात एनसीसीमध्ये मी .२२ची रायफल चालवलेली, त्यामुळे नात्यागोत्यात बंदुकीचा विषय निघाला की फोन मला येतो.

या वर्षी तो भाचीचा आला. वय सव्वीस, एका खासगी रुग्णालयात लॅब टेक्निशियन. आठवड्यातून तीन दिवस ड्युटी रात्री साडेअकराला संपते आणि लष्करातून मुरारपर्यंत स्कूटीने एकटीला यायचं असतं. दोन पोरांनी मोटारसायकलवरून ठाठीपूरपर्यंत तिचा पाठलाग केला होता. तिचं म्हणणं सरळ होतं : “आत्या, .२२चं छोटं रिव्हॉल्व्हर ३५ हजारांत मिळतं म्हणे. पर्समध्ये मावतं. घेऊ का?”

प्रश्न टाळण्यासारखा नव्हता आणि “मुलींनी असलं काही घेऊ नये” हे काही उत्तर नव्हे. म्हणून आम्ही दोघींनी बसून त्याचा नीट हिशेब केला. तोच इथे मांडते आहे. कारण असा विचार करणारी ती एकटी नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद कुठेही उशिरा घरी येणाऱ्या मुली आहेत, एकटे राहणारे आईवडील आहेत, आणि मोबाइलवर फिरणारे “स्वस्तात संरक्षण”वाले व्हिडिओ आहेत.

हे आहे तरी काय?

आपल्याकडे सामान्य नागरिकाला परदेशी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर नव्याने आयात करता येत नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून हे दार बंद आहे. नामवंत नेमबाजांना खेळासाठी तेवढी सवलत आहे. त्यामुळे बाजारात प्रामुख्याने सरकारी कारखान्यांचा माल दिसतो. कानपूरचं ‘निर्भीक’ २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून आलं. ते .३२ बोअरचं, वजन सुमारे ५०० ग्रॅम, आणि तेव्हाची किंमत १ लाख २२ हजारांच्या घरात. इतकी किंमत पाहून ज्या मुलींसाठी म्हणून ते काढलं, त्यांतल्या किती जणी घेऊ शकतील, असा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. त्यानंतर बंगालमधल्या ईशापूरच्या रायफल फॅक्टरीने ‘निडर’ काढलं. ते .२२ बोअरचं, वजन अवघं २५० ग्रॅमच्या आसपास, आणि सुरुवातीची किंमत ३५ हजारांच्या आसपास. म्हणजे वजन निम्मं आणि किंमत एक तृतीयांशाहूनही कमी. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे सात सरकारी उपक्रम झाले, तेव्हा हे दोन्ही कारखाने कानपूरच्या ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया या उपक्रमाकडे गेले.

भाचीच्या डलासच्या चुलतभावाने तिला आणखी एक फोटो पाठवला होता. तिथलं .२२चं स्वस्त रिव्हॉल्व्हर, काउबॉयच्या सिनेमात असतं तसं. अमेरिकेत हेरिटेजचं ‘रफ रायडर’ आणि २०१९ पासून रुगरचं ‘रँगलर’ ही या वर्गातली लोकप्रिय नावं. रँगलर बाजारात आलं तेव्हा त्याची छापील किंमत २४९ डॉलर होती. पण ती दोन्ही ‘सिंगल ॲक्शन’ आहेत, म्हणजे प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने घोडा मागे ओढावा लागतो. तिथले लोक ती घेतात ती मोकळ्या रानात पत्र्याचे डबे पाडायला, पोरांना नेम शिकवायला, कमी खर्चात सराव करायला. स्वस्त .२२ची खरी जागा तिथेही करमणूक आणि शिकवणी हीच आहे. आपल्याकडे तीच वस्तू आत्मसंरक्षणाचं साधन म्हणून विकली जाते. हा फरक आधी लक्षात घ्यायला हवा.

रिमफायरची गंमत आणि खोट

काडतुसाच्या बुडाला एक छोटा स्फोटक मसाला असतो. घोड्याचा ठोका त्यावर बसला की आतली दारू पेटते. मोठ्या बोअरच्या काडतुसात हा मसाला बुडाच्या मधोमध वेगळ्या टोपीत बसवलेला असतो. .२२मध्ये अशी टोपी नसते. पितळी पुंगळीची खालची कड आतून पोकळ असते आणि ओला मसाला त्या कडेत गोल फिरवून पसरवलेला असतो. ठोका कडेवर बसतो, म्हणून नाव रिमफायर. आज सर्वत्र चालणारं .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेत निघालं आणि आजही जगात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या काडतुसांपैकी एक आहे.

याचे फायदे उघड आहेत. काडतूस बनवायला सोपं म्हणून स्वस्त. धक्का नगण्य, आवाज तुलनेने कमी. एनसीसीत सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींच्या हाती पहिली रायफल .२२ची देतात ती याचसाठी. पहिल्याच गोळीला खांदा दुखला तर पोर पुढे डोळे मिटूनच चाप ओढतं.

खोटही त्याच रचनेत आहे. कडेच्या एखाद्या भागात मसाला नीट पसरला नसेल आणि ठोका नेमका तिथेच बसला, तर गोळी सुटत नाही. मध्यभागी टोपी असलेल्या काडतुसापेक्षा हे अधिक वेळा घडतं. रिव्हॉल्व्हरमध्ये पुन्हा चाप ओढला की पुढचं काडतूस समोर येतं, एवढी सोय आहे. पण जीव वाचवायला घेतलेल्या वस्तूत “एखादी वेळ उडणार नाही” हे गृहीत धरावं लागतं. आणखी एक : कडेचं पितळ चेपायला ठोका जोरात लागतो. म्हणून डबल ॲक्शनच्या .२२ रिव्हॉल्व्हरचा चाप बऱ्याचदा जड असतो. “गोळी हलकी, तर चापही हलका असेल” असं समजून बोटांत जोर नसलेल्या वयस्क माणसांसाठी .२२ सुचवतात. प्रत्यक्षात तिथेच पंचाईत होते.

आता गोळीबद्दल. .२२ची नेहमीची गोळी अडीच ग्रॅमहून थोडी जास्त, .३२ची साधारण सहा ग्रॅम. त्यातून आखूड नळीमुळे .२२चा वेग आणखी घटतो. अंगावर धावून येणारा माणूस तिने जागच्या जागी थांबेल, याचा भरवसा देता येत नाही. पण याचा अर्थ ती खेळण्यातली आहे असा मुळीच नाही. .२२च्या गोळीने माणूस मरतो, आणि मोकळ्यावर ती एक किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. थोडक्यात, थांबवण्याची खात्री कमी आणि मारण्याची शक्यता पुरेपूर, असं हे त्रांगडं आहे. हल्लेखोर थांबत नाही आणि मागे चहाच्या टपरीवर बसलेला माणूस दगावतो, हे दोन्ही एकाच गोळीने होऊ शकतं.

हलकं म्हणजे सोपं नव्हे

दुकानात हातात घेतल्यावर २५० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर फार आवडतं. मोठ्या मोबाइलपेक्षा थोडंसंच जड. पण वस्तू हलकी आणि चाप जड असला की ओढताना नळी हलते. वजनदार पिस्तूल हातात स्थिर राहतं, कारण चापाच्या जोरापुढे त्याचं वजन टिकतं. शिवाय नळी आखूड म्हणजे पुढची आणि मागची माशी जवळ. दोन माश्यांतलं अंतर जितकं कमी, तितकी नेमातली छोटी चूक लक्ष्यावर मोठी होऊन दिसते. म्हणजे नवशिक्याला परवडणारं आणि पेलणारं शस्त्र नेम धरायला मात्र सर्वांत अवघड. हात बसलेल्या माणसालाही ते चार-पाच मीटरच्या पलीकडे विश्वासाने वापरणं जड जातं. मग तिन्हीसांजेला, भेदरलेल्या अवस्थेत, स्कूटीवर बसलेल्या मुलीची काय कथा?

सराव हाच यावर उपाय. पण तो करायचा कुठे? शेतावर जाऊन चार गोळ्या झाडणं हा सराव नव्हे, आणि परवाना असला तरी वाटेल तिथे गोळी झाडायची मोकळीक मिळत नाही. वरातीतल्या ‘हर्ष फायरिंग’ने आपल्या भागात किती घरांत सुतक आणलंय हे सांगायला नको. २०१९च्या शस्त्र कायद्यातल्या दुरुस्तीनंतर अशा बेफिकीर गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. सराव रीतसर क्लबच्या रेंजवरच करायचा, आणि त्यासाठी सभासदत्व, काडतुसं आणि दर महिन्याचे काही तास बाजूला काढावे लागतात.

३५ हजारांत काय येत नाही

भाचीने वहीत किंमत लिहिली, मी तिच्याखाली एकेक ओळ वाढवत गेले. किंमतीवर जीएसटी, आणि रिव्हॉल्व्हर चैनीच्या वस्तूंप्रमाणे करांच्या वरच्या टप्प्यात मोडतं. मग परवान्याचं शुल्क, वैद्यकीय प्रमाणपत्र, सुरक्षित हाताळणीचं प्रशिक्षण. घरात भिंतीला किंवा जमिनीला बोल्टने पक्की बसवलेली लोखंडी पेटी. काडतुसं, आणि परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेबाहेर एकही जास्त घेता येत नाही. तेल, ब्रश, पावसाळ्यात दर काही दिवसांनी पुसणं. दर पाच वर्षांनी नूतनीकरण. पूर्वी ते तीन वर्षांनी असायचं.

याशिवाय एक खर्च पैशात मोजता येत नाही. आजोबांच्या बंदुकीपायी तो मी दर निवडणुकीला भरते. आचारसंहिता लागली की शस्त्र जमा करण्याचा आदेश येतो. थान्यावर रांग लावायची, पावती घ्यायची, ती पावती जपायची, निकालानंतर पुन्हा रांग. विधानसभा, लोकसभा, नगरपालिका, पंचायत, एकामागून एक चालूच असतं. लांबच्या प्रवासाला जायचं तरी घरात कुलूप लावून बंदूक ठेवून जायला मन धजत नाही, म्हणून परवानाधारक दुकानदाराकडे ठेवायची. शस्त्र हरवलं किंवा चोरीला गेलं तर लगेच पोलिसांत कळवावं लागतं, आणि त्यापुढच्या चौकश्या वर्षानुवर्षं चालतात. बंदूक घरात आली की एक सरकारी पाहुणा कायमचा राहायला आला असं समजायचं.

परवाना आधी, दुकान नंतर

तरुण वाचकांसाठी कायद्याच्या चार गोष्टी स्वच्छ सांगते. १९५९चा शस्त्र कायदा आणि २०१६चे शस्त्र नियम यांखाली हे सगळं चालतं. वय किमान २१ हवं. अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातो, पोलीस चौकशी होते, शारीरिक-मानसिक प्रकृतीचा दाखला आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, आणि शस्त्र का हवं याचं पटणारं कारण द्यावं लागतं. अर्ज केला म्हणजे परवाना मिळालाच असं नाही. एका परवानाधारकाला आता जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. आधी ही संख्या तीन होती.

परवाना व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. वडिलांच्या नावचं रिव्हॉल्व्हर मुलीने पर्समध्ये घालून फिरणं हा गुन्हा आहे, मग वडिलांची कितीही संमती असो. परवानाधारक वारला तर वारसाने ते शस्त्र मुदतीत थान्यावर किंवा दुकानदाराकडे जमा करून स्वतःच्या नावाने अर्ज करायचा असतो. “बाबांची आठवण” म्हणून कपाटात ठेवलेली बंदूक ही विनापरवाना बंदूकच ठरते. आपल्या समाजातल्या अनेक जुन्या वाड्यांमध्ये ही गोष्ट आज निस्तरायला हवी.

आणि वापरलंच तर? आत्मसंरक्षणाचा हक्क पूर्वी भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत आहे. त्याचं सार असं, की संकट टाळायला आवश्यक तेवढंच बळ वापरता येतं, आणि पोलिसांची मदत घेण्याइतकी सवड असेल तर हा हक्क उरत नाही. पाठलाग करणाऱ्यावर, शिव्या देणाऱ्यावर, पळून जाणाऱ्यावर गोळी झाडली तर कोर्टात उभी राहणारी आरोपी आपण असतो. खून, बलात्कार, अपहरण, गंभीर इजा असं संकट खरोखर अंगावर आलं असेल तर कायदा पाठीशी आहे, पण ते कोर्टासमोर मांडावं लागतं. तोवरचे महिने-वर्षं कुटुंबाने काढायची असतात.

ज्या वेळी हवं, त्या वेळी कुठे असेल?

हा प्रश्न विचारला आणि आमची चर्चा खरी मार्गी लागली. भाचीच्या रुग्णालयात शस्त्र आत नेता येत नाही. म्हणजे ड्युटीचे आठ तास ते स्कूटीच्या डिकीत राहणार, किंवा घरी. डिकीत भरलेलं रिव्हॉल्व्हर ठेवून पार्किंगमध्ये गाडी उभी करणं म्हणजे चोराला आमंत्रण आणि परवान्याला तिलांजली. घरी ठेवलं तर साडेअकराला त्याचा उपयोग शून्य. शैक्षणिक संस्थांच्या आवारात, जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, सभेत ते नेता येत नाही, अशा अटी परवान्यावरच असतात. तरुण मुलीचा दिवस जिथे जातो, त्यांतल्या बहुतेक जागी हे शस्त्र चालत नाही.

समजा ते जवळ आहे. दोन्ही हात हँडलवर, डोक्याला हेल्मेट, पर्स आडवी अडकवलेली. मागून मोटारसायकल येते. गाडी थांबवायची, पर्स उघडायची, पिशवीतून काढायचं, चाप ओढायचा. तेवढ्या वेळात गाडी पुढे दामटून उजेडाच्या, माणसांच्या ठिकाणी पोहोचणं जास्त शक्य आहे. आणि झटापट झालीच तर दोघा पोरांना एकटीच्या हातातलं पाव किलोचं रिव्हॉल्व्हर हिसकावणं कितपत अवघड? तिने वहीत हे उत्तर लिहिलं नाही, पण पेन खाली ठेवलं.

घरातली दुसरी माणसं

मग आम्ही तिच्या घराचा विचार केला. घरात बारावीला असलेला धाकटा भाऊ. परीक्षेचं वर्ष, कोचिंग, सततची तुलना. हे बोलणं सोपं नसतं, पण बोलायलाच हवं. अमेरिकेत या विषयावर गेली काही दशकं अभ्यास झाले आहेत, आणि त्यांत पुन्हा पुन्हा दिसलं, की घरात बंदूक असली की त्या घरात आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढतो. कारण समजायला अवघड नाही. टोकाचा विचार अनेकदा थोड्या वेळापुरता येतो. तो ओसरेपर्यंत जवळ घातक साधन नसणं, एवढ्यावर एखादं माणूस वाचतं. बंदूक ही सवड देत नाही, आणि .२२ही देत नाही.

म्हणून ज्या घरात किशोरवयीन मूल आहे, खिन्नतेतून जाणारं किंवा दारू पिणारं कोणी आहे, भांडणं हातघाईवर येतात, तिथे माझं उत्तर सरळ “नाही” असं आहे. बोअर कोणताही असो, किंमत कितीही असो. आणि ज्यांच्या घरी आधीच शस्त्र आहे त्यांनी काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या एकाच जबाबदार माणसाकडे, आणि घरात कोणाची मनःस्थिती बिघडली असेल तर शस्त्र काही काळ दुकानदाराकडे जमा, एवढं पाळायलाच हवं.

मग हे कोणी घ्यावं?

सरसकट कोणीच घेऊ नये, असं मी म्हणणार नाही. ज्याला खरा, नोंदलेला धोका आहे, ज्याच्या घरात लहान मुलं नाहीत, जो महिन्याला रेंजवर जाईल, त्याने परवाना जरूर मागावा. पण अशा माणसाने पैशाकडे न पाहता .३२चा विचार आधी करावा. .३२चा धक्का मनगटाला झेपतच नसेल तर आणि तरच .२२. आणि तेव्हाही दुकानात चाप स्वतः ओढून पाहावा. सिलिंडर मोकळं आहे याची खात्री करून, दुकानदाराला विचारून, नकली काडतूस घालून ओढावा. रिमफायरवर रिकामा ठोका मारत राहिलं तर ठोका काडतुसाच्या घराच्या कडेवर बसून ती खराब होऊ शकते. घोडा चढलेला असताना सिलिंडर हलता कामा नये, नळीसमोर घर बरोबर सरळ यायला हवं. जुनं घेताना तर हे दोनदा पाहावं.

शेतासाठी घ्यायचं म्हणणाऱ्यांनी थांबावं. नीलगाय, रानडुक्कर यांच्यावर मनाने गोळी झाडणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो, आणि .२२ने जखमी झालेलं जनावर पळून जाऊन तडफडत मरतं, ते वेगळंच.

नेमबाजीची हौस असेल तर हे रिव्हॉल्व्हर मुळीच घेऊ नका. ऑलिंपिकमधल्या २५ मीटर पिस्तूलचं काडतूस .२२चंच असतं, पण पिस्तूल लांब, वजनदार आणि हलक्या चापाचं. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं ते याच प्रकारात. कोल्हापूरने तिच्याआधी तेजस्विनी सावंत दिली आणि २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य मिळवणारा स्वप्नील कुसाळे. आपल्या मध्य प्रदेशची सरकारी नेमबाजी अकादमी भोपाळला आहे. सुरुवात मात्र एअर पिस्तुलाने होते, आणि .१७७ बोअरपर्यंतच्या, २० ज्यूलपेक्षा जास्त जोर नसलेल्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही. नेम, श्वास, शिस्त, शस्त्राबद्दलचा आदर हे सगळं तिथे शिकता येतं.

भाचीने अर्ज केला नाही. त्याऐवजी तिने आणि रात्रीच्या पाळीतल्या पाच जणींनी रुग्णालयाला लेखी अर्ज दिला. दोन महिने पाठपुरावा केल्यावर रात्री गाडी सुरू झाली. ती मुख्य रस्त्यापर्यंतच येते, गल्लीत येत नाही, म्हणून शेवटचं अर्धा किलोमीटर माझा भाऊ स्कूटर घेऊन उभा राहतो. ही व्यवस्था काही आदर्श नाही. तिचा राग आजही आहे, की रस्ता सुरक्षित करायचा सोडून पहारा आपणच द्यायचा. तो राग रास्त आहे, आणि तो रिव्हॉल्व्हरने गेला नसता.

निर्णय घेण्याआधी

तुमच्यापैकी कोणाच्या मनात हा विचार असेल तर सात प्रश्न कागदावर लिहा. धोका नेमका कोणापासून, कुठे, किती वाजता? त्या वेळी शस्त्र कायद्याने जवळ ठेवता येईल का? ते काढायला किती सेकंद लागतील? महिन्यातून एकदा सराव करायला कुठे जाणार? घरात ते कोणाकोणाच्या हाती पडू शकतं? पाच वर्षांचा एकूण खर्च किती? आणि तेवढ्याच पैशात वाहन, दिवे, कॅमेरा, मजबूत दार, शेजाऱ्यांचा गट, ११२वर लगेच फोन लागेल अशी मोबाइलची सोय यांतलं काय काय होईल? सातही उत्तरं शस्त्राच्या बाजूने आली तर परवान्याच्या रांगेत जरूर उभे राहा.

जौऱ्याच्या आश्रमात १९७२ मध्ये चंबळच्या बागींनी जयप्रकाश नारायणांसमोर शस्त्रं ठेवली, तो इतिहास आपल्याच भागातला आहे. आयुष्यभर बंदूक बाळगलेल्या माणसांनी ती खाली ठेवली, कारण तिच्यासोबत झोप येत नाही हे त्यांना कळून चुकलं होतं. खंडेनवमीला आपण शस्त्राची पूजा करतो ती त्याला देव मानून, खेळणं मानून नव्हे. स्वस्त मिळतंय म्हणून देव कोणी घरी आणत नाही. आणलाच तर त्याचं सोवळं रोज पाळायची तयारी ठेवावी लागते.